छोट्या बोटीसाठी जनरेटर : आधी जागा ठरवा, मग वॉट

या वेळची बहुतेक पत्रं एकाच विषयावर आलीत, छोट्या बोटीवर हातानं उचलून ठेवता येईल असा जनरेटर कुठला घ्यावा. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते आणि आज याच्यावरच बोलूया.

प्रश्न : ताई, आमची ३१ फुटी शिडाची बोट आहे, मी आणि मिसेस दोघंच असतो, एकदा निघालो की दोन-तीन आठवडे नांगरावरच मुक्काम. १२ व्होल्टचा फ्रीज, एलईडी दिवे, व्हीएचएफ रेडिओ, एक लॅपटॉप, दोन फोन. बॅटऱ्या ११० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे अँपिअर गुणिले तास) दोन, साध्या लेड-ॲसिड, आणि १०० वॉटचं एक सोलर पॅनल. रोज दोन तास इंजिन चालवून चार्जिंग करतो, त्याचा आता कंटाळा आलाय. १००० वॉटचा जनरेटर घेऊ की २००० चा?

उत्तर : दादा, वॉटवर यायच्या आधी कागद-पेन घेऊन बसा आणि दिवसाला तुम्हाला किती लागतं ते मांडा. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ४ ते ५ अँपिअर ओढतो आणि गरम हवेत दिवसातला अर्धा वेळ तरी चालूच असतो, म्हणजे एकट्या फ्रीजचेच ५०-५५ एएच गेले. लॅपटॉप तीन तास धरला तर १५, आणि दिवे, नांगरावरचा रात्रीचा दिवा, व्हीएचएफ, पाण्याचा पंप, फोन असं सगळं किरकोळ मिळून अजून २० धरा. झाले ८५ ते ९०. तुमचं पॅनल स्वच्छ उन्हाच्या दिवशी २५-३० एएच देतं, ढग आले की त्याच्या निम्मंसुद्धा नाही. म्हणजे रोजची तूट ६० एएच. बॅटऱ्या मिळून २२० आहेत खऱ्या, पण लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवत राहिलं की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं, त्यामुळे तुमच्या हाताशी ११०च समजा.

ही ६० एएचची तूट भरून काढायची, जनरेटरचं काम तेवढंच. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या, बॅटरी किती वेगानं भरेल हे जनरेटर ठरवत नाही, ते बॅटरी आणि चार्जर ठरवतात. साधी लेड-ॲसिड बॅटरी तिच्या क्षमतेच्या पाचव्या हिश्शाएवढा करंट नीट घेते, म्हणजे तुमच्याकडे ४०-४५ अँपिअर. ४० अँपिअरचा चार्जर लावला तर निम्म्यावरून ८० टक्क्यांपर्यंत यायला पावणेदोन तास पुरतात. त्यापुढचे २० टक्के मात्र बॅटरी फार हळू घेते, करंट उतरत उतरत जातो आणि चार-पाच तास सहज जातात, तेव्हा तो शेवटचा तुकडा जनरेटरनं भरायचा नाही, सोलरवर सोडायचा. सकाळी उठल्या उठल्या जनरेटर लावा, पहिला जोराचा टप्पा उरका, नऊ-साडेनऊला बंद करा आणि उरलेल्यातलं जमेल तेवढं दिवसभरात पॅनल भरेल. संध्याकाळी लावलात तर नेमकं उलटं होतं, सोलर नाही आणि शेजारच्या बोटीवाल्यांची शांत वेळही गेली.

आता ४० अँपिअरचा चार्जर किती ओढतो? १४.४ व्होल्टला ४० अँपिअर म्हणजे ५७६ वॉट बाहेर, चार्जरमधली गळती धरली की आत जवळपास ६८०. कागदावर १००० चा जनरेटर आरामात पुरायला हवा. पण स्वस्त चार्जर करंट सलग घेत नाहीत, व्होल्टेजच्या लाटेच्या फक्त माथ्यावर हिसका मारून घेतात, त्यांचा पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअर, म्हणजे व्हीए, यातला खऱ्या वॉटचा हिस्सा) ०.६-०.७ असतो, आणि मग त्याच ६८० वॉटसाठी जनरेटरवर १००० व्हीएच्या वर भार पडतो. पॉवर फॅक्टर करेक्शन असलेला चार्जर घेतला की तोच भार ७०० च्या आसपास येतो. हा एक शब्द चार्जरच्या माहितीपत्रकात शोधा, नसेल तर तो चार्जर घेऊ नका. जनरेटरवर पैसे वाढवण्यापेक्षा चार्जरवर वाढवलेले जास्त कामी येतात असं माझं ठाम मत आहे.

आणि खोक्यावरचा मोठा आकडा वाचून फसू नका, तो काही क्षणांपुरता असतो. होंडाचं उदाहरण घेऊ. ईयू१०आय कमाल १००० वॉट पण सतत ९००, वजन १३ किलो. ईयू२२आय कमाल २२००, सतत १८००, वजन २१ किलोच्या आसपास. हे ८ किलो कागदावर कमी वाटतात, पण डिंगीत (किनाऱ्यावर ये-जा करायच्या छोट्या होडीत) उभं राहून हलत्या बोटीवर चढवून बघा. बरं, १००० चा जोमानं राबत असतो तेव्हा २००० चा निवांत चालतो, आवाज कमी करतो, आणि कधी गरम पाण्याचा हीटर किंवा मायक्रोवेव्ह लावायची इच्छा झाली तर तेही होतं (मायक्रोवेव्हवर ८०० लिहिलेलं असलं तरी तो १२०० च्या आसपास ओढतो हे विसरू नका). तुमच्या यादीत असं काहीच नाहीये. तेव्हा चांगला चार्जर आणि १००० चा इन्व्हर्टर जनरेटर (साध्यापेक्षा तो का बरा ते पुढे सांगते), बस्स.

अजून एक, जनरेटरवर १२ व्होल्टचं सॉकेट असतं ते बघून थेट बॅटरीला जोडायचा मोह होतो. त्यातून ८ अँपिअरच्या आसपास मिळतात आणि बॅटरी भरत आल्यावर ते स्वतः आवरतं घेत नाही. ६० एएचसाठी सात-आठ तास लागतील. ते सॉकेट विसरा, चार्जर जनरेटरच्या नेहमीच्या, घरच्यासारख्या विजेच्या सॉकेटवरच लावा.

खरं सांगू, माझ्या हातात असतं तर मी जनरेटरच्या आधी अजून २०० वॉटची पॅनल लावली असती. मग चांगल्या दिवशी तूट जवळजवळ उरतच नाही आणि जनरेटर फक्त ढगाळ आठवड्यासाठी राहतो. इंजिनचं तुम्ही थांबवताय ते मात्र बरोबर करताय, डिझेल इंजिन रोज दोन तास विनाभार, थंड-थंड चालवलं की सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात, कार्बन साठतो आणि पुढे इंजिन तेल खायला लागतं.

प्रश्न : आमच्या बोटीवर मागे मोठं लॉकर आहे. जनरेटर त्यात बसवून धुरासाठी बाहेर पाइप काढला तर? आवाजही कमी होईल आणि पावसापासूनही वाचेल. मित्र म्हणतो बरेच जण असं करतात.

उत्तर : नका करू. कळकळीनं सांगते, नका करू, आणि मित्रालाही हे वाचायला द्या.

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना चुरचुरत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे हवेत थोडासा असला तरी तासाभरात शरीरात साठत जातो. या छोट्या इंजिनांना गाड्यांसारखा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुतेक वेळा नसतो. अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग सांगतो की एक पोर्टेबल जनरेटर शेकडो गाड्यांइतका कार्बन मोनॉक्साइड सोडू शकतो, आणि तो घरापासून निदान २० फूट लांब ठेवा. आता तुम्हीच बघा, छोटी बोट अख्खीच तीसेक फुटांची. २० फूट आणणार कुठून? म्हणून मी नेहमी म्हणते, आधी तो जिथे चालवणार ती जागा शोधा, तशी जागा मिळाली तरच दुकानात जा.

लॉकरमधला पाइप कुठेतरी सैल होणारच, सांध्यातून गळणारच, कारण ही यंत्रं पाइप जोडण्यासाठी बनवलेलीच नाहीत. शिवाय ती हवेनं थंड होतात, बंद जागेत स्वतःचीच गरम हवा आत ओढतात आणि तापतात. आणि तिसरी गोष्ट जास्त भयंकर आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती लॉकरच्या तळाशी उतरते, तिथून बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या पोकळीत) जाते, आणि हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास झालं की ठिणगीला पुरे. बोटीच्या बंद जागेतल्या पेट्रोल इंजिनांच्या स्टार्टरपासून सगळे भाग ठिणगी बाहेर पडू नये असे बनवलेले असतात, आपल्या पोर्टेबल जनरेटरचे नसतात.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. आम्ही जनरेटर बोटीच्या अगदी मागच्या टोकाला, धुराचं तोंड बाहेर करून ठेवायचो. नांगरावर बोट तोंड वाऱ्याकडे करून उभी राहते, त्यामुळे धूर मागच्या मागे निघून जातो, अगदी व्यवस्थित वाटत होतं. एका सकाळी भरती-ओहोटी बदलली, प्रवाह वाऱ्यापेक्षा जोराचा होता आणि बोट गोल फिरून पाठ वाऱ्याकडे करून उभी राहिली. मी आत काहीतरी वाचत होते, लक्षातच आलं नाही. सोबतच्या मैत्रिणीचं डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं, आम्ही म्हटलं बोट लागली असेल, झोप जरा. तेवढ्यात केबिनमधला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. बाहेर धावलो, जनरेटर बंद केला, सगळी हॅच (छपरावरची झाकणं) उघडली आणि तिला वर मोकळ्या हवेत बसवलं, अर्ध्या तासानं तिला बरं वाटायला लागलं. पण आमचं खरं तर चुकलंच, अशा वेळी डॉक्टरांना दाखवायचंच असतं, बरं वाटलं तरी. डोकेदुखी, मळमळ, गरगर, सुस्ती, बोट लागल्यावर जे होतं अगदी तेच यातही होतं, आणि माणूस त्यावर उपाय म्हणून नेमका आत जाऊन झोपतो. अलार्म नसता तर मी आज हे लिहीत नसते, आणि तीही नसती, असं मला मनापासून वाटतं.

तर मग करायचं काय? जनरेटर उघड्या डेकवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, धुराचं तोंड पाण्याकडे. केबिनच्या त्या बाजूच्या खिडक्या-हॅच बंद, वाऱ्याकडची पुढची हॅच उघडी. कॉकपिटला (सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीला) कॅनव्हासचा तंबू लावलेला असेल तर जनरेटर चालवायचाच नाही, तो तंबू धूर गोळा करतो. माणूस जागं असतानाच चालवायचा, झोपेत कधीही नाही. बोट फिरली की लगेच जाऊन बघायचं. आणि शेजारी दुसरी बोट बांधलेली असेल तर तुमचा धूर तिच्या केबिनमध्ये चाललाय का तेही बघा. बोट चालू असताना तर अजिबात नको, चालत्या बोटीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि धूर कॉकपिटमध्ये परत ओढला जातो.

अलार्म घेताना त्यावर ईएन ५०२९१-२ हे युरोपीय मानक लिहिलंय का बघा, हा भाग बोटी आणि फिरत्या गाड्यांसाठी आहे, घरातला अलार्म हादरे आणि ओल सहन करेलच असं नाही. या मानकाप्रमाणे ३०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग) अलार्म ३ मिनिटांच्या आत वाजायला हवा आणि ५० पीपीएमला ६० ते ९० मिनिटांत. ब्रिटनमध्ये बोट सेफ्टी स्कीमखाली येणाऱ्या बोटींना, ज्यात माणसांना राहायची जागा आहे त्यांना, एप्रिल २०१९ पासून तो सक्तीचा आहे. झोपायच्या प्रत्येक जागेजवळ एक लावा. हल्लीच्या काही जनरेटरमध्ये कार्बन मोनॉक्साइड वाढला की आपोआप बंद व्हायची सोय असते, ती असलेला घ्याच, पण तो सेन्सर जनरेटरपाशी आहे, तुमच्या उशाशी नाही, त्यामुळे अलार्मची गरज संपत नाही.

आणि जनरेटर चालू असताना मागच्या शिडीजवळ कोणी पोहायचं नाही, मुलांनी तर मुळीच नाही. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेतल्या लेक पॉवेलवर एका हाऊसबोटीच्या मागच्या फळीखालच्या पोकळीत दोन लहान भाऊ पोहत गेले, जनरेटरचा धूर तिथे साठलेला होता, दोघंही गेले. उघड्या पाण्यावर, भर दिवसा.

प्रश्न : इन्व्हर्टर जनरेटर फार महाग आहेत. तेवढ्याच पैशात साधा, उघड्या फ्रेमचा जनरेटर दुप्पट वॉटचा मिळतोय. काय फरक पडतो?

उत्तर : साधा जनरेटर ५० हर्ट्झसाठी सतत ३००० आरपीएमवरच धावतो, मग तुम्ही एक फोन चार्ज करा नाहीतर हीटर लावा. इन्व्हर्टरवाला भार कमी झाला की इंजिनाचा वेग उतरवतो, आवाज आणि पेट्रोल दोन्ही वाचतं. ईयू२२आयची टाकी ३.६ लिटरची आहे, ती पूर्ण भारावर तीन तासांच्या थोडं वर जाते आणि पाव भारावर आठ तास. पाण्यावर आवाज लांबवर जातो, आणि १० डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट वाटतं. माहितीपत्रकातला डेसिबलचा आकडा बहुधा ७ मीटरवरून आणि पाव भारावर मोजलेला असतो, तुम्ही त्याच्यापासून ३ मीटरवर बसणार आहात. साधा घेऊ नका. पैसे कमी असतील तर १००० चा इन्व्हर्टर घ्या, पुढे तसाच दुसरा घेऊन दोन्ही केबलनं समांतर जोडता येतात, तशी सोय त्या मॉडेलला आहे का एवढं बघून घ्या.

प्रश्न : जनरेटर बोटीवरच्या, किनाऱ्याची वीज घ्यायच्या सॉकेटला जोडला की पॅनलवरचा उलट पोलॅरिटीचा लाल दिवा मंद पेटतो. वायर उलटी झालीय का?

उत्तर : बहुतेक नाही. या जनरेटरचं न्यूट्रल अर्थला जोडलेलं नसतं, तरंगतं असतं, त्यामुळे दोन्ही वायरी अर्थच्या तुलनेत निम्म्या निम्म्या व्होल्टेजवर दिसतात आणि दिवा मंद पेटतो. खरी काळजी वेगळी आहे, अशा तरंगत्या जोडणीत आरसीडीला (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचला) पळून गेलेला करंट दिसत नाही, त्यामुळे तो पडेलच असं नाही. उपाय म्हणजे न्यूट्रल आणि अर्थ जनरेटरपाशीच जोडायचे, बोटीच्या पॅनलमध्ये नाही, कारण किनाऱ्याच्या विजेवर असताना ती जोडणी किनाऱ्यावरच असायला हवी. हे बोटीचं काम जाणणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, आणि तुमच्या जनरेटरच्या कंपनीला ते चालतं का तेही त्याला बघायला सांगा. आणि किनाऱ्याची वीज व जनरेटर एकाच वेळी पॅनलला कधीही लागणार नाहीत असा बदलीचा स्विच हवाच, आठवणीवर सोडू नका.

प्रश्न : छोटा एसी चालेल का त्यावर?

उत्तर : २००० च्यावर सगळ्यात लहान एसी चालू शकतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना चालताना लागतो त्याच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि जनरेटर तिथेच मान टाकतो. सॉफ्ट स्टार्टर बसवला की जमतं. पण विचार करा, एसी हवा असतो रात्री झोपताना, दारं-खिडक्या बंद करून, आणि वर लिहिलंय तसं झोपेत जनरेटर चालवायचा नाही. म्हणजे ज्यासाठी घेताय त्याच वेळी तो चालवता येणार नाही. एसीसाठी पोर्टेबल जनरेटर घेऊ नका.

प्रश्न : आउटबोर्डसाठी (बाहेर टांगलेल्या इंजिनासाठी) पेट्रोल असतंच आमच्याकडे, तेच वापरतो. पण दर हंगामाच्या सुरुवातीला जनरेटर सुरूच होत नाही, दोरी ओढून ओढून हात दुखतो.

उत्तर : आउटबोर्ड टू-स्ट्रोक असेल तर त्याचं तेल मिसळलेलं पेट्रोल यात घालू नका, हा फोर-स्ट्रोक आहे, कॅन वेगळे ठेवा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा. सुरू न होण्याचं कारण बहुतेक कार्ब्युरेटरमध्ये राहिलेलं जुनं पेट्रोल. महिना-दोन महिन्यांत ते चिकट होतं, बारीक जेट बुजतात, आणि इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतली ओल ओढतं, बोटीवर ओल कमी नसतेच. दरवेळी बंद करताना स्विचनं बंद करू नका, पेट्रोलचा कॉक बंद करा आणि कार्ब्युरेटरमधलं संपून इंजिन आपोआप थांबू द्या. हंगाम संपल्यावर टाकीही रिकामी करा.

पेट्रोल भरताना इंजिन बंद करून निदान पंधरा मिनिटं गार होऊ द्या, डेकवरच भरा, सांडलेलं पुसा. कॅन ज्या लॉकरमध्ये ठेवता त्याला तळातून बोटीबाहेर वाट असायला हवी, म्हणजे वाफ केबिनकडे न जाता बाहेर पडेल.

तेल पहिल्यांदा २० तासांनी बदला, मग दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. यात तेल असतं जेमतेम अर्धा लिटर, त्यामुळे थोडं कमी झालं आणि बोट डोलली की कमी तेलाचा सेन्सर इंजिन बंद करतो आणि माणसाला वाटतं बिघडलं. आधी तेलाची पातळी बघा. खारी हवा या यंत्रांना खाते, वापरून गार झाल्यावर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्यानं पुसा, सॉकेटवर झाकण ठेवा, आणि उघड्यावर बांधून ठेवणार असाल तर कव्हर हवा खेळणारं घ्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं की आतच घाम सुटून गंजतं.

प्रश्न : मोठ्या लिथियम बॅटरीचं पॉवर स्टेशन मिळतं, तेच घेतलं तर जनरेटर लागेल का?

उत्तर : ते वीज साठवतं, तयार करत नाही. एक किलोवॉट-अवरचं घेतलंत तर १२ व्होल्टच्या हिशेबात ८० एएचच्या आसपास झाले, म्हणजे पहिल्या पत्रातल्या दादांचा जेमतेम एक दिवस, नंतर ते भरणार कशानं? दोन दिवसांची सहल आणि मग परत किनाऱ्यावर, असं फिरणं असेल तर मात्र जरूर तेच घ्या, धूर नाही, पेट्रोल नाही, केबिनमध्ये ठेवता येतं. लांब राहणार असाल तर बोटीच्या बॅटऱ्याच लिथियम आयर्न फॉस्फेटच्या करण्याचा विचार करा, त्या जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण करंट घेतात, मगाशी सांगितलेला तो चार-पाच तासांचा रटाळ शेवट त्यांना नसतो. जनरेटर तास-दीड तास लावला की काम होतं. फक्त चार्जर आणि इंजिनाचा अल्टरनेटर दोन्ही त्यांना चालणारे आहेत का ते आधी तपासा, साधा अल्टरनेटर त्यांना थेट जोडला तर पूर्ण ताकदीनं चालत राहून जळतो.